ख्रिस्ती धर्मातील ग्रंथप्रामाण्य आणि स्वानुभव

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवातील ज्ञानसत्रात दिलेले व्याख्यान)

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥

 

यंदाच्या ज्ञानसत्रासाठी ‘शास्त्र आणि स्वानुभव’ हा विषय ठरला, तेव्हा आपल्या दर्शनांचा विचार ज्येष्ठ शास्त्रीमंडळींकडे गेला आणि ख्रिस्ती धर्मात ह्या प्रश्नाचा विचार कसा झाला, हे सांगण्याचे काम मजकडे आले. पाठशाळेत वेदान्ताचा पाठ सांगणाऱ्या माझ्यासारख्याला हे काम कशासाठी, अशी शंका आपल्याप्रमाणे माझ्याही मनात आली. परंतु आज्ञा गुरुस्थानाची. तेथे शंकेला जागा नाही. म्हणून गेले काही महिने मी नवा करार वाचला, काही ख्रिस्ती सत्पुरुषांची चरित्रे वाचली. आणि वाचता वाचता अशा ठिकाणी येऊन पोहोचलो की, तेथे मला माझाच एक अपराध दिसला. त्याविषयी शेवटी निवेदन करीन.

आरंभी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज गोमंतकातून देव आणि देव्हारे घेऊन बाहेर पडले. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. ती आठवण आपल्या घराघरांत आहे आणि ती पुसून टाका असे मी म्हणणार नाही. पण एका राजसत्तेने धर्माच्या नावाने जे केले, त्यावरून त्या धर्मातील साधकाच्या अंतःकरणात काय चालते ह्याचा निर्णय होत नाही. त्या न्यायासनासारख्याच न्यायासनांपुढे ख्रिस्ती साधकांनाही उभे राहावे लागले आहे, हे पुढे दिसेलच.

आता मूळ प्रश्न. आपल्या संप्रदायात हा प्रश्न आचार्यांनी ‘जन्मादि’ सूत्रावरील भाष्यातच घेतला आहे. धर्मजिज्ञासेत श्रुती इत्यादीच प्रमाण. ब्रह्मजिज्ञासेत मात्र श्रुती इत्यादी आणि अनुभव इत्यादी अशी दोन्ही यथासंभव प्रमाणे, कारण ब्रह्मज्ञानाचे पर्यवसान अनुभवात होते, असा त्या भाष्याचा आशय आहे. म्हणजे अनुभव हा शास्त्राचा प्रतिस्पर्धी नव्हे, ते शास्त्राचे फळ आहे. हे सूत्र पाठ असणे सोपे; पण एखादा मनुष्य समोर येऊन ‘मला अनुभव आला’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्याशी कसे वागावे, हे कठीण.

ख्रिस्ती धर्मात ही अडचण अगदी आरंभापासून आहे. पौल हा येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी नव्हे. तो प्रथम ख्रिस्तानुयायांचा छळ करणारा. दिमिष्काच्या वाटेवर त्याला प्रकाशदर्शन झाले आणि त्याचे जीवन पालटले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो आग्रहाने सांगतो की, आपल्याला हा संदेश कोणा मनुष्याकडून मिळालेला नाही, तो साक्षात्काराने मिळाला. परंतु त्याच पत्रात थोडे पुढे तो असेही सांगतो की, चौदा वर्षांनी आपण यरुशलेमेस गेलो आणि तेथील प्रमुखांपुढे आपली शिकवण मांडली. आपली धाव व्यर्थ तर नाही ना, हे पाहावे म्हणून. एकाच पत्रातील ह्या दोन विधानांचे मला फार नवल वाटले. अनुभव स्वतंत्र आहे, हे पहिल्यात आहे. अनुभव दाखवून घ्यावा लागतो, हे दुसऱ्यात आहे. पुढे योहानाच्या पहिल्या पत्रातही, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा करा, अशा अर्थाचा उपदेश आहे.

ही परीक्षा करावयाची कोणी? येथून कलह सुरू होतो. १५२१ साली जर्मनीतील वर्म्स येथे बादशहापुढे मार्टिन ल्यूथर उभा राहिला. पवित्र शास्त्राने अथवा स्पष्ट युक्तिवादाने पटल्याखेरीज मी माझे लेखन मागे घेणार नाही, ही त्याची भूमिका. पोप आणि धर्मसभा ह्यांच्यापेक्षा ग्रंथ श्रेष्ठ, असा त्याचा अर्थ. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस त्झ्विकाऊ गावचे काही लोक त्याच्या विटेनबर्गमध्ये आले आणि आमच्याशी पवित्र आत्मा प्रत्यक्ष बोलतो, असे सांगू लागले. तेव्हा १५२२ मध्ये परत आलेल्या ल्यूथरने त्यांच्यापुढे तोच ग्रंथ धरला आणि त्यांना मान्यता दिली नाही. एका वर्षाच्या आत तोच मनुष्य एकदा परीक्षा देणारा आणि एकदा परीक्षा घेणारा झाला. आपणा सर्वांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रसंग येतात, म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण स्पेनमधील आव्हिलाच्या तेरेसाचे. ही संन्यासिनी लॅटिन जाणत नव्हती. १५५९ साली तेथील इन्क्विझिशनच्या प्रमुखाने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली आणि लोकभाषेतील अनेक भक्तिग्रंथ बंद केले. तेरेसाची आवडती पुस्तके गेली. त्या दुःखात आपणच तुला जिवंत ग्रंथ देऊ, असे आश्वासन प्रभूने दिल्याचे तिने आत्मचरित्रात लिहिले आहे. हे आत्मचरित्र तिने गुरूंच्या आज्ञेवरून लिहिले, आणि तेच पुढे इन्क्विझिशनच्या हाती गेले. तिने आपला अनुभव कधी नाकारला नाही, आणि तो परीक्षेसाठी पुढे ठेवण्यास ती कधी कचरलीही नाही. १६२२ साली तिला संतपद मिळाले; ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे, त्या फ्रान्सिस झेवियर ह्यांनाही त्याच दिवशी संतपद देण्यात आले. १९७० साली तर रोमच्या धर्मपीठाने तिला धर्माचार्यपद दिले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. म्हणजे जिची पुस्तके काढून घेतली, तिच्याच पुस्तकांना पुढे आचार्यांच्या पंक्तीत स्थान मिळाले.

सज्जनहो, ही झाली दूरची उदाहरणे. पण मला जिने अस्वस्थ केले ती गोष्ट आपल्याच भाषेतील, किंबहुना आपल्याच शास्त्रपरंपरेतील एका स्त्रीची आहे. पंडिता रमाबाई हे नाव माझ्या आजोबांच्या घरात उच्चारले जात नसे. एका शास्त्र्याच्या मुलीने धर्म सोडला, एवढेच त्यांना दिसे. मीही तेवढेच जाणत होतो.

रमाबाई १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीला संस्कृत शिकवितात म्हणून पंडितांच्या रोषास पात्र झाले आणि त्यांनी शास्त्राधारानेच आपले समर्थन केले. आई लक्ष्मीबाईंनी भल्या पहाटे मुलीला संथा दिली. मातापिता दुष्काळात गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. मात्र वडिलांनी पुराणे आणि काव्ये शिकविली तरी वेद शिकविला नव्हता, कारण स्त्रीला तो अधिकार नाही असे तेही मानीत. कलकत्त्यात केशवचंद्र सेन ह्यांनी वेदाची प्रत हाती दिली, तेव्हा त्यांनी ती प्रथम उघडली. आमच्या पाठशाळेत बसून हे वाचताना माझी मान खाली गेली, हे मी येथे सांगितलेच पाहिजे. ज्या मुलीची जिव्हा श्लोकांनी पवित्र झाली होती, तिला श्रुतीच्या दारात आपण उभे केले नाही. मग ती दुसऱ्या दारात का गेली, असे विचारण्याचा आपला अधिकार किती उरतो?

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आता खरी कसोटी पुढे आहे. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या मार्गदर्शक. त्यांच्यावर मायेने प्रेम करणाऱ्या. रमाबाईंनी शास्त्र वाचले आणि प्रश्न विचारण्यास आरंभ केला. त्रिमूर्तीसारखे वाटणारे त्रैक्य मला ग्रंथात स्पष्ट दिसत नाही. चर्चने ठरविलेली सारी विधाने मी का मानावी? जेराल्डीन ह्यांचे उत्तर असे की, नवशिष्येने प्रथम चर्चच्या आज्ञेत राहावे, समज मागाहून येईल. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितवर्गाच्या अधीनतेतून मोठ्या प्रयासाने मुक्त झालेली मी, दुसऱ्याचे जू मानेवर घेणार नाही. देवाने दिलेला विवेक आणि त्याचे वचन हीच मला प्रमाण. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा एक प्रश्न होता. हा पत्रव्यवहार जेराल्डीन ह्यांनीच जपून ठेवला आणि तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ती पत्रे वाचताना दोघींविषयीही आदर वाटतो. एकीला शिष्या हरवेल हे भय, दुसरीला सत्य हरवेल हे भय.

पण गोष्ट येथे संपत नाही. रमाबाई ‘माझी साक्ष’ ह्या आत्मनिवेदनात कबूल करतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्या बुद्धीने त्यांनी मोठमोठ्यांशी वाद केला, त्या बुद्धीनेही तो मिळाला नाही. सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे चर्चमध्ये उपदेश करीत होता आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर त्याला प्रथम खरी प्रतीती आली. ते वाचून आपल्याजवळ मतांचा संग्रह आहे, जीवन नाही, हे रमाबाईंना उमगले. आणि त्यानंतर त्यांना जी शांती लाभली ती कायम राहिली. पाहा, ग्रंथाच्या बाजूने जिने एवढा वाद केला, तीच ग्रंथ पुरेसा झाला नाही असे सांगते. परोक्ष ज्ञान आणि अपरोक्ष ज्ञान हा भेद आपल्याला पाठ आहे. त्यांनी तो जगून पाहिला.

पुढे पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी दुष्काळातील निराश्रित मुली आणि विधवा ह्यांच्यासाठी मुक्तिसदन उभारले. १९०५ साली तेथे एक विलक्षण घटना घडली. प्रार्थनेसाठी जमलेल्या मुली रडू लागल्या, मोठ्याने पापे कबूल करू लागल्या, अंगात अग्नी संचारल्यासारखे त्यांना वाटू लागले. एका मुलीला आपली सोबतीण खरोखरच पेटली आहे असे वाटून ती पाण्याची बादली आणण्यास धावली, अशी हकीकत तेथील एका अमेरिकन सेविकेने लिहून ठेवली आहे. अशा आक्रोशाला नावे ठेवणारे मिशनरीही होतेच. आता रमाबाई परीक्षकाच्या जागी होत्या. वाँटेजमध्ये जेराल्डीन जेथे बसल्या होत्या, तेथे त्या बसल्या होत्या. त्यांनी काय केले? त्यांनी मुलींना गप्प केले नाही. आमच्या लोकांनी आमच्या रीतीने रडावे आणि प्रार्थावे ह्यात गैर काय, अशी त्यांची दृष्टी. पण त्यांनी त्या चमत्काराचा डांगोराही पिटला नाही. मुलींचे आचरण सुधारले का, त्या सेवेला लागल्या का, हे त्यांनी पाहिले. झाडाची परीक्षा फळावरून, हे तर त्यांच्या ग्रंथाचेच सांगणे.

आणि ह्यानंतर त्यांनी जे केले, ते मला ह्या साऱ्या प्रश्नाचे उत्तर वाटते. ज्या सदनात एवढा अनुभवाचा लोंढा आला, त्या सदनाची माता आपल्या उत्तरायुष्यात कशात गढून गेली? व्याकरणात! हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर एकटीने केले. छपाईचे काम सदनातील स्त्रियाच करीत. संस्कृताची ही पंडिता, पण भाषांतरात तिने जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. खेड्यातून आलेल्या अल्पशिक्षित बाईला ते वाचता यावे, मध्ये कोणी पंडित लागू नये, एवढाच हेतू. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

बंधुभगिनींनो, अनुभव खरा की भास, ह्याची एक खूण मला येथे सापडते. भासाला ग्रंथाची अडचण होते. खऱ्या अनुभवाला ग्रंथाची ओढ लागते. कारण आपल्याला जे दिसले ते आपल्या आधी कोणी पाहिले, कोणत्या शब्दांत सांगितले, हे त्याला शोधावेसे वाटते, आणि तो ग्रंथ दुसऱ्याच्या हाती द्यावासा वाटतो. तसेच ग्रंथाचा अधिकारी कोण, ह्याचीही खूण सापडते. जो ग्रंथाचे कुंपण करतो तो अधिकारी नव्हे. जो ग्रंथाची वाट करून देतो तो अधिकारी. ख्रिस्ती धर्मातील पुष्कळसा वाद ग्रंथ विरुद्ध अनुभव असा नव्हताच. ग्रंथ कोणाच्या हाती असावा आणि अनुभवाला शब्द कोणी द्यावेत, हा तो वाद होता. आपल्याकडेही तो ह्याहून फार वेगळा नाही. त्यांचे सिद्धान्त आपले नव्हेत, आणि आपले सोडून ते घ्यावेत असे मी सुचवीत नाही. प्रश्न मात्र दोघांचा एकच आहे.

आता माझा अपराध सांगतो. तीन वर्षांपूर्वी पाठशाळेतील सतरा वर्षांचा एक विद्यार्थी सकाळच्या पाठाला उशिरा आला. कारण विचारले, तेव्हा म्हणाला, “गुरुजी, पहाटे गाभाऱ्यासमोर बसलो होतो. काहीतरी झाले. आता पंचदशीची गरज आहे असे वाटत नाही.” पाठ ऐन रंगात होता. मी ग्रंथ मिटला आणि सर्वांसमक्ष त्याला विचारले, “अनुभवाचे लक्षण सांग. प्रमाण सांग. भ्रमाहून त्याचा भेद कसा करशील?” त्याला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मुले हसली. मला हसू आवरता आले असते. मी ते आवरले नाही. आठ दिवसांत तो पाठशाळा सोडून गेला.

माझे प्रश्न चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच मी तीन वर्षे स्वतःला निर्दोष समजत राहिलो. रमाबाईंची पत्रे वाचली आणि ध्यानात आले की, प्रश्न बरोबर असून मनुष्य चुकू शकतो. मी शास्त्राचे जू त्याच्या मानेवर ठेवले, वाट दाखविली नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना असेच काही घेऊन माझ्या गुरुजींकडे गेलो होतो. त्यांनी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. “पचू दे. वर्षाने सांग. आता पाठाला बैस,” एवढेच म्हणाले. मी पाठाला बसलो, म्हणून आज आपणांपुढे उभा आहे. जे मला मिळाले, ते मी त्या मुलाला दिले नाही.

ह्या उत्सवाच्या आधी मी त्याच्या गावी गेलो. तो एका दुकानात हिशेब लिहितो. मला पाहताच उठला, पायांवर डोके ठेवले, चहा मागविला. मी क्षमा मागितली, तेव्हा तो संकोचून दुसरेच काही बोलू लागला. पहाटेच्या त्या गोष्टीविषयी त्याने अवाक्षर काढले नाही आणि मीही विचारले नाही. निघताना दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, पंचदशीचे कोणते प्रकरण चालू आहे?”

मी म्हणालो, “तृप्तिदीप.”

“म्हणजे अजून पुष्कळ राहिले आहे,” तो म्हणाला.

तो परत येईल की नाही, हे मला ठाऊक नाही. पण त्याने ग्रंथाविषयी विचारले. आणि आताच जी खूण मी आपणांपुढे सांगितली, ती मला त्या दुकानाच्या दारात दिसली. त्याची जागा मी पाठशाळेत राखून ठेवली आहे.

आपल्या घरात एखादा मुलगा, एखादी सून, एखादी म्हातारी आई कधी असे काही सांगू लागली, तर तिला हसू नका आणि लगेच डोक्यावरही घेऊ नका. जवळ बसवा, ऐकून घ्या, आणि हाती ग्रंथ द्या. श्रीगुरुकृपेने शास्त्राचे फळ आपणां सर्वांना अनुभवात लाभो, आणि अनुभव आपणांस पुनः शास्त्राकडे आणो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून ही वाक्सेवा येथेच समर्पित करतो.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥